पहिल्या दिवशी ९० टक्के, आठव्या दिवशी ३०: मायक्रोचॅनेलमधला फोटोकॅटॅलिस्ट खरंच ‘मरतो’ का?

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं असेल. नवी चिप, म्हणजे आत पाण्यासाठी बारीक चॅनेल असलेली छोटी पट्टी, तिच्या तळाला टायटेनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांचा ताजा पांढरा लेप (हाच फोटोकॅटॅलिस्ट, प्रकाशात रंग तोडणारा उत्प्रेरक), वर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी. एका टोकाने मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचं निळं पाणी आत जातं, दुसऱ्या टोकाने जवळजवळ बिनरंगी पाणी थेंबाथेंबाने बाहेर येतं. वहीत ९० टक्के रंग गेल्याची नोंद होते. दुसऱ्या दिवशी ७०, मग ५५, आणि आठवडा संपता संपता आकडा तिशीत येऊन रेंगाळतो. चिप उघडून नवा लेप दिला की पुन्हा ९०, आणि पुन्हा तीच घसरण.

या चक्रात मी काही महिने घालवले आहेत. दर वेळी निदान एकच व्हायचं, कॅटॅलिस्ट मेला. मग लेप जाड कर, चांदीचे कण घाल, भट्टीचं तापमान बदल. यातल्या कशानेही घसरण थांबली नाही, कारण दोष बहुतेक वेळा कॅटॅलिस्टमध्ये नव्हताच. तुमच्याकडेही हे वारंवार होत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, लेपाला हात लावण्याआधी खालच्या क्रमाने तपासा. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन तपासण्यांना ना नवा लेप लागतो ना चिप उघडावी लागते, आणि बरीचशी प्रकरणं तिथेच उलगडतात.

पुढचे हिशेब एकाच चिपवर करतो, म्हणजे तुमच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. चॅनेल ५० मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद आणि १०० मायक्रोमीटर उंच, म्हणजे आत ५० मायक्रोलिटर पाणी मावतं. सिरिंज पंप मिनिटाला २५ मायक्रोलिटर ढकलतो, त्यामुळे पाणी आत २ मिनिटं राहतं. फीडमध्ये, म्हणजे आत सोडायच्या पाण्यात, लिटरला १० मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू. तळावर सुमारे ५ मिलिग्रॅम लेप.

आधी दिवा बंद ठेवून बघा

पहिला प्रश्न असा विचारायचा, की पहिल्या दिवशीचे ९० टक्के तरी खरे होते का?

नॅनोकणांचा लेप घेण्यामागचं कारणच त्याचा प्रचंड पृष्ठभाग हे असतं. पी-२५ नावाने मिळणाऱ्या टायटेनियम डायऑक्साइडच्या एका ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्या ५ मिलिग्रॅमला पाव चौरस मीटर झाला, म्हणजे ५ चौरस सेंटिमीटरच्या तळावर पाचशे पट जागा. चॅनेलमध्ये एका वेळी रंग असतो फक्त अर्धा मायक्रोग्रॅम. एवढ्या जागेवर रंगाचा एक रेणू जाडीचा थर बसला तर तो १०० मायक्रोग्रॅमच्या घरात जातो. त्यातली दहावा हिस्सा जागा जरी भरली, तरी चॅनेल २० वेळा भरून वाहील एवढा रंग नुसता चिकटून राहिला. मिनिटांत सांगायचं तर सुरुवातीची ४० मिनिटं तुम्ही विघटन मोजतच नाही, टिपकागद किती ओला झाला ते मोजता.

म्हणून दिवा बंद ठेवून फीड चालू करा आणि बाहेरच्या पाण्याचं रीडिंग दर दहा मिनिटांनी घ्या. ते फीडच्या रीडिंगला येऊन टेकेपर्यंत एलईडी लावायचा नाही. आमच्या एका चिपला यासाठी तीन तास लागले होते. तोवर मी एका तासाच्या आतली रीडिंग ‘पहिला दिवस’ म्हणून लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी तोच लेप आधीच रंगाने भरलेला असायचा, त्यामुळे आकडा पडणारच होता. घसरणीचा जवळजवळ अर्धा भाग असा कागदावरचा निघाला.

इथे पीएचवर नजर ठेवा. टायटेनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग पीएच साधारण ६ ते ६.५ च्या वर ऋणभारित आणि खाली धनभारित असतो. मिथिलीन ब्लू धनभारित, म्हणून पीएच ७ ला तो चिकटतो आणि ५ ला दूर ढकलला जातो. ऊर्ध्वपातित पाणी हवेत उघडं राहिलं की त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच ५.६ च्या आसपास येतो. सकाळी काढलेलं पाणी आणि तीन दिवस बाटलीत राहिलेलं पाणी या कामासाठी वेगवेगळी पाणी आहेत. फीडचा पीएच रोज मोजून लिहा.

चिप पीडीएमएसची असेल तर भिंतींचाही हिशेब धरा. पीडीएमएस हे सिलिकॉन रबर आहे आणि पाण्याला नकोसे असणारे लहान रेणू ते आत ओढून घेतं. ऱ्होडामाइन बी हा रंग वापरणाऱ्यांनी चॅनेलच्या कडा कायमच्या गुलाबी झालेल्या पाहिल्या असतील. कॅटॅलिस्ट नसलेली, बाकी सगळी तशीच असलेली एक चिप बाजूला ठेवा आणि तीवर दिवा बंद आणि दिवा चालू अशा दोन्ही फेऱ्या घ्या. या कोऱ्या चिपशिवाय काढलेल्या टक्केवारीवर मी आता विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही.

बाटलीत परत येणारा निळा रंग

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

पीडीएमएस रंग शोषतं म्हणून आम्ही पूर्ण काचेची चिप केली. त्याच सुमारास चॅनेलमध्ये बुडबुडे अडकत होते म्हणून फीड व्हॅक्यूमखाली ठेवून त्यातली हवा काढायला सुरुवात केली. मायक्रोफ्लुइडिक्समध्ये हा नेहमीचाच सल्ला आहे. दोन्ही बदल अगदी शहाणपणाचे वाटत होते. त्यानंतर रीडिंग आणखी बिघडली, आणि विचित्र पद्धतीने बिघडली. एकाच नमुन्याची दोन रीडिंग जुळेनात. लगेच मोजलं तर ८५ टक्के रंग गेलेला, जेवून आल्यावर मोजलं तर ४०.

उलगडा झाला तो डोळ्यांनी. बाहेर पडणारं पाणी एका छोट्या काचेच्या बाटलीत गोळा होत होतं. पाणी स्वच्छ, बिनरंगी. झाकण न लावता ती बाटली टेबलावर राहिली होती. काही मिनिटांनी पाण्याच्या अगदी वरच्या कडेला, हवेला लागून, फिकट निळी रेघ दिसली. ती हळूहळू खाली उतरत गेली. बाटली हलवली आणि क्षणात सगळं पाणी निळं झालं.

मिथिलीन ब्लू तुटलाच नव्हता. त्याचं क्षपण होऊन, म्हणजे त्याला जास्तीचे इलेक्ट्रॉन मिळून, त्याचं रंगहीन रूप, ल्यूको मिथिलीन ब्लू, तयार झालं होतं. हवेतला ऑक्सिजन मिळताच ते पुन्हा मूळ निळ्या रूपात आलं. वर्णपटमापक फक्त ६६४ नॅनोमीटरचं शोषण बघतो, त्यामुळे रंग लपला की तुटला हे त्याला कळत नाही.

असं का झालं हे समजायला कॅटॅलिस्टचं काम थोडक्यात आठवू. अ‍ॅनाटेझ रूपातल्या टायटेनियम डायऑक्साइडचा ऊर्जा-पट्ट्यांतलं अंतर ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा प्रकाश हवा. ३६५ चा फोटॉन ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, तो चालतो. त्याने एक इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि खाली एक पोकळी राहते. पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे रंग तोडणारा अतिक्रियाशील तुकडा, बनवते किंवा प्रदूषकाला थेट ऑक्सिडाइज करते. पण वरच्या इलेक्ट्रॉनलाही कुठे तरी जावं लागतं, नाहीतर तो पोकळीत परत पडतो आणि फोटॉन वाया जातो. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटेनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हा हे इलेक्ट्रॉन तारेतून प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडकडे गेले होते. आपल्या चॅनेलमध्ये तार नाही, प्लॅटिनमही नाही. इलेक्ट्रॉन उचलून नेणारा एकच गडी आहे, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. तो संपला की इलेक्ट्रॉन जवळच्या रंगाच्या रेणूवर जातात, आणि रंग नुसता लपतो.

आता ऑक्सिजन किती आहे ते बघा. २५ अंश सेल्सिअसला हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे ०.२६ मिलिमोल. मिथिलीन ब्लूच्या एका रेणूचं शेवटपर्यंत, कार्बन डायऑक्साइड आणि खनिज आयनांपर्यंत, विघटन करायला ऑक्सिजनचे साडेपंचवीस रेणू लागतात. लिटरला १० मिलिग्रॅम म्हणजे ०.०३१ मिलिमोल रंग, त्याला ऑक्सिजन हवा ०.८ मिलिमोल. आपल्याकडे आहे त्याच्या तिप्पट. फिनॉल या दुसऱ्या प्रदूषकाचं गणितही असंच. एका रेणूला सात ऑक्सिजन, म्हणजे विरघळलेल्या ऑक्सिजनवर लिटरला जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम फिनॉल पूर्ण संपवता येतं.

बीकरमध्ये ही अडचण जाणवत नाही, कारण ढवळताना वरून हवा सतत मिसळत असते. पीडीएमएसच्या चिपमध्येही फारशी जाणवत नाही, कारण त्या रबरातून ऑक्सिजन आरपार झिरपतो आणि भिंतीच चॅनेलला पुरवठा करतात. आम्ही काच लावून भिंतीतून येणारा ऑक्सिजन बंद केला आणि व्हॅक्यूम लावून फीडमधला काढून टाकला. इतकं करून दोष लेपाला देत बसलो.

ऑक्सिजनची खात्री कशी करायची

एकाच दिवशी, एकाच चिपवर, तीन फीड चालवा. एकात अर्धा तास नायट्रोजन सोडलेला, दुसऱ्यात हवा, तिसऱ्यात शुद्ध ऑक्सिजन. ऑक्सिजन सोडलेल्या पाण्यात तो हवेच्या तुलनेत जवळपास पाचपट असतो, लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास. हवेवरून ऑक्सिजनवर जाताच विघटन ठळक वाढलं तर तुमची चिप ऑक्सिजनची भुकेली आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष दुसरीकडे आहे, पुढच्या भागाकडे जा. एक काळजी घ्या, फीडची नळी आणि सिरिंज भरताना पुन्हा हवा शिरते. नायट्रोजनची फेरी म्हणून नेहमी शेवटी घ्या आणि पहिली दहा मिनिटं टाकून द्या.

मिथिलीन ब्लू वापरत असाल तर प्रत्येक नमुन्याची दोन रीडिंग घ्यायची सवय लावा. एक लगेच, दुसरं उघड्या बाटलीत तासभर ठेवून, हलवून. दोन्ही सारखी आली तर ल्यूकोची शंका मिटली. शक्य असेल तिथे संपूर्ण वर्णपट काढा. रंग खरोखर तुटत जातो तेव्हा रेणूवरचे मिथिल गट एकेक करून गळतात आणि ६६४ चं शिखर उंची कमी होता होता डावीकडे, आखूड लहरींकडे सरकतं. शिखर जागचं न हलता नुसतं खाली गेलं तर ते अधिशोषण (रंग लेपावर नुसता चिकटणं) किंवा क्षपण असू शकतं. ऱ्होडामाइन बी मध्ये हे सरकणं तर फारच स्पष्ट असतं, ५५४ पासून ४९८ नॅनोमीटरपर्यंत.

उपायांपैकी सगळ्यात स्वस्त म्हणजे फीड पातळ करणं. लिटरला १० मिलिग्रॅमऐवजी २ घ्या, मग हवेतला ऑक्सिजन पुरतो. ते जमत नसेल तर फीड ऑक्सिजनने संपृक्त करा. तिसरा उपाय पाणी आणि हवेचे आळीपाळीने तुकडे सोडण्याचा. एका मिलिलिटर हवेत ऑक्सिजन एका मिलिलिटर पाण्यापेक्षा सुमारे तीसपट असतो, आणि पाण्याच्या तुकड्यात आतल्या आत घुसळणही होतं. पण यासाठी अरुंद, नागमोडी चॅनेल हवा. १० मिलिमीटर रुंद चॅनेलमध्ये तुकडे टिकत नाहीत, हवा एका बाजूने वाट काढते आणि अर्धा लेप कोरडा पडतो. मला स्वतःला सगळ्यात भरवशाचा वाटलेला मार्ग मधला आहे. तळ काचेचा, त्यावर लेप, आणि वर पीडीएमएसचं पातळ झाकण. झाकण थोडा रंग शोषतं हे खरं, पण कोरी चिप जवळ असेल तर तो हिशेबातून वजा करता येतो. ऑक्सिजनचा तुटवडा मात्र कशातूनच वजा करता येत नाही.

मग बुडबुड्यांचं काय? ते एलईडीच्या उष्णतेमुळे येतात. २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेलं की पाण्यात मावणारा ऑक्सिजन ८.३ वरून ७ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो, आणि नॅनोकणांच्या खडबडीत लेपावर जास्तीचा वायू लगेच जागा धरतो. हवा काढण्याऐवजी फीड चिपच्याच तापमानाला आणून आत सोडा, एलईडीखाली पंखा लावा, आणि बाहेरची नळी लांब व बारीक घेऊन चॅनेलमधला दाब थोडा वाढवा. चॅनेल पहिल्यांदा भरताना बरेच जण आधी इथेनॉल सोडतात, कारण ते लेप सहज ओला करतं. मीही सोडतो. पण त्यानंतर चॅनेलच्या निदान शंभरपट पाणी वाहू द्या. राहिलेलं इथेनॉल पोकळ्या गिळतं, रंगापर्यंत काही पोचू देत नाही, आणि ल्यूको तयार व्हायला मदतच करतं.

प्रवाह की पृष्ठभाग

ऑक्सिजन पुरेसा आहे आणि तरी विघटन कमी, अशा वेळी चॅनेलची उंची बघा. रेणूला वरून खाली लेपापर्यंत विसरणाने (डिफ्यूजनने, आपोआप पसरत) पोचायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गाने वाढतो. १०० मायक्रोमीटरला तो १० ते २० सेकंद, म्हणजे आपल्या २ मिनिटांत बसतो. ५०० मायक्रोमीटरला पंचवीसपट, चार ते आठ मिनिटं, आणि पंपाचा वेग वाढवून पाणी आत २ मिनिटंच ठेवलं तर वरून जाणारं पाणी लेपाला न शिवताच बाहेर पडतं. दाट लेप आणि जोरदार दिवा यांनी इथे काहीही सुधारत नाही. लेप खूप जाड झाल्यामुळे किंवा चिप जोडताना मधला थर जास्त जाड घेतल्यामुळे खरी उंची आराखड्यातल्या उंचीपेक्षा वेगळी असू शकते. चॅनेल रिकामा आणि भरलेला असताना चिपचं वजन करा, फरकावरून खरी उंची निघते.

खरोखर विष चढलं असेल तर

वरचं सगळं नीट असूनही आकडा दिवसेंदिवस उतरत असेल, तेव्हा कुठे लेपाकडे वळायचं.

फिनॉल आणि त्याच्या भावंडांवर काम करणाऱ्यांना पिवळट तपकिरी डाग ओळखीचे असतील. अर्धवट ऑक्सिडाइज झालेले तुकडे एकमेकांना जोडून लेपावर चिकट थर बनवतात. आम्ही एक काचेची चिप फिनॉलच्या आठवडाभराच्या फेऱ्यांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा आत येण्याच्या तोंडाजवळचा सेंटिमीटरभर लेप पांढराशुभ्र होता आणि त्यापुढे तपकिरी रंग गडद होत गेला होता. ऑक्सिजन जिथवर पुरला तिथवर लेपाने स्वतःला स्वच्छ ठेवलं होतं. यावरचा इलाजही त्यातच आहे. ऑक्सिजन सोडलेलं शुद्ध पाणी रात्रभर, दिवा चालू ठेवून. सकाळी डाग फिकट झालेला किंवा गेलेला असतो. तीन-चार दिवसांच्या कामानंतर ही धुलाई आम्ही नियमाने करतो.

फॉस्फेटची गोष्ट वेगळी. ते टायटेनियम डायऑक्साइडला घट्ट धरून बसतं आणि नुसत्या प्रकाशाने हलत नाही. जीवशास्त्राच्या बाजूने या कामात आलेले लोक सवयीने फॉस्फेट बफर घेतात आणि पहिल्याच दिवशी अडकतात. पीएच सांभाळायचाच असेल तर पातळ आम्ल किंवा अल्कलीने सांभाळा. फॉस्फेट चढलंच असेल तर पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने हळू धुऊन मग भरपूर पाणी सोडा. झिंक ऑक्साइडच्या लेपावर मात्र हे करू नका. खऱ्या नमुन्यात, विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यात, बायकार्बोनेटही असतं. ते लेपाला इजा करत नाही पण हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतं, त्यामुळे शुद्ध पाण्यातला वेग तिथे कधीच मिळत नाही. तो बिघाड समजू नका. कठीण पाण्यातला कॅल्शियमचा पांढरा क्षार पातळ आम्लाने निघतो.

पीडीएमएसमधून न जुळलेले, मोकळे सिलिकॉनचे लहान रेणू झिरपून लेपावर बसतात आणि तो हळूहळू पाण्याला नकोसा करतात. चिप पंधरा दिवस नुसती पडून राहिली आणि नंतर पाणी आत जायलाच कुरकुर करू लागलं, तर हेच कारण धरा. वापर नसताना चॅनेल पाण्याने भरून ठेवा.

लेप सुटतोय का

याची एक सोपी खूण आहे आणि ती जवळजवळ कोणी बघत नाही. वर्णपट ८०० नॅनोमीटरपर्यंत न्या. मिथिलीन ब्लू तिथे प्रकाश शोषत नाही, म्हणून रेघ शून्यावर बसायला हवी. ती उचललेली दिसली तर बाहेरच्या पाण्यात कण आहेत आणि ते प्रकाश विखुरत आहेत. तुमचा लेप त्या बाटलीत येऊन पडतोय. असे कण रंग घेऊन तळाशी बसतात आणि वरच्या पाण्याचं रीडिंग खोटंच चांगलं दाखवतात, हा आणखी एक घोळ.

लेप सुटण्याचं कारण बहुधा सुकताना आणि भाजताना घडलेलं असतं. जाड लेप एकाच वेळी दिला की तो सुकताना तडकतो. पातळ थर एकावर एक द्या, मधे सुकू द्या, तापमान सावकाश चढवून ४५० अंशांवर तासभर ठेवा, आणि उतरवतानाही घाई नको. फार वर गेलं तर अ‍ॅनाटेझचं रूटाइल हे दुसरं स्फटिकरूप होऊ लागतं आणि कण जुळून पृष्ठभाग घटतो. साधी सोडा-लाइम काच वापरत असाल तर आणखी एक धोका आहे. भाजताना काचेतला सोडियम लेपात शिरतो आणि त्याची क्रियाशीलता उतरवतो. बोरोसिलिकेट काच किंवा क्वार्ट्झ घ्या, किंवा आधी सिलिकाचा पातळ अस्तर-थर द्या. जिथे पीडीएमएस काचेला चिकटवायचं तिथल्या कडा टेपने झाकूनच लेप द्या. लेपावर प्लाझ्माने केलेला जोड धरत नाही आणि चिप कडेने गळते.

झिंक ऑक्साइडच्या नॅनोकांड्या दिसायला फार सुंदर असतात. ९० अंशांच्या पाण्यात त्या वाढतातही सहज. पण पीएच ६ च्या खाली त्या विरघळू लागतात, तीव्र अल्कलीतही विरघळतात, आणि अतिनील प्रकाशात त्यांच्या स्वतःच्याच पोकळ्या त्यांना खातात. मायक्रोचॅनेलमध्ये दर मिनिटाला ताजं पाणी येत असल्यामुळे विरघळलेलं झिंक वाहून जातं आणि समतोल कधी येतच नाही. त्यांची रोजची घसरण हा खरोखर कॅटॅलिस्टचा मृत्यू आहे. सलग आठवडाभर चालवायचं असेल तर मी टायटेनियम डायऑक्साइडच सुचवेन.

दिवा

हे थोडक्यात. एलईडी तापला की त्याचा प्रकाश कमी होतो, म्हणून सुरू करून पंधरा मिनिटांनी आणि दिवसाच्या शेवटी मापकाने तीव्रता मोजा, दर वेळी त्याच अंतरावरून. वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण असेल तर ते अतिनील अडवणाऱ्या प्रकारचं नाही ना ते बघा. अनेक अ‍ॅक्रिलिक पत्रे अतिनील अडवण्यासाठीच बनवलेले असतात. प्रकाश लेपाच्या काचेकडच्या बाजूने येत असेल आणि लेप जाड असेल, तर इलेक्ट्रॉन-पोकळ्या पाण्यापासून दूर तयार होतात आणि पाण्यापर्यंत पोचण्याआधीच मिटतात. शिवाय जोरदार प्रकाशात वेग तीव्रतेच्या वर्गमुळाने वाढतो. चौपट दिवा लावून दुप्पट काम मिळतं, आणि ऑक्सिजन मात्र त्याच हिशेबाने लवकर संपतो.

दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या लेपांची चाचणी रंगद्रव्यावर करू नका. रंग स्वतःच प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन लेपाला देतो आणि बिघडतो, त्यात लेपाचं कर्तृत्व फारसं नसतं. फिनॉल किंवा सॅलिसिलिक आम्लासारखं, दृश्य प्रकाश न शोषणारं काही घ्या.

आता आमच्याकडे प्रत्येक चिपच्या पानावर पहिल्या ओळीत पाच आकडे असतात: फीडचा पीएच, फीडमधला विरघळलेला ऑक्सिजन, अंधारात समतोल यायला लागलेली मिनिटं, ८०० नॅनोमीटरची रेघ, आणि एलईडीची तीव्रता. त्याखाली प्रत्येक नमुन्याची दोन रीडिंग, लगेचचं आणि तासाभराने घेतलेलं. खरं खनिजीकरण, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपर्यंतचं पूर्ण विघटन, बघायला एकूण सेंद्रिय कार्बन मोजायचा तर १० मिलिलिटर पाणी जमवावं लागतं, आणि मिनिटाला २५ मायक्रोलिटरने त्याला ६ तास ४० मिनिटं लागतात. ती बाटली सकाळी लावतो. सध्याच्या चिपचा आकडा पहिल्या दिवशी ५८ होता. आज तिचा एकोणिसावा दिवस आहे आणि आकडा ५५ आहे.